बूच नसलेली बोट

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी दुपारी, राइस लेकच्या काठावर, आमची बोट ट्रेलरवरून पाण्यात उतरली आणि मागच्या बाजूने भरू लागली. बोटीच्या बुडाला मागे एक भोक असतं. आत साठलेलं पाणी काढून टाकण्यासाठी ते ठेवलेलं असतं, आणि बोट पाण्यात सोडण्यापूर्वी त्यात पितळी बूच पिळून बसवायचं असतं. ते बसवलेलं नव्हतं.

बोटीत कोणी नव्हतं. इंजिन पाण्याच्या वर राहिलं. एक जाकीट आणि डब्यातल्या चपात्या भिजल्या.

शुक्रवार

गाडी मी चालवत होते. ट्रेलर जोडलेली गाडी उतारावरून मागे घेण्याची माझी ती पहिलीच वेळ. माझे पती श्रीधर धक्क्यावर दोरी धरून उभे होते. गाडी मागे घेण्याआधी मी खिडकीतून विचारलं होतं, "बूच?"

"लावलंय," ते म्हणाले होते.

पाणी दिसल्यावर त्यांनी ओरडून सांगितलं, "पुढे घे! नीला, पुढे घे!" मी ट्रेलर वर ओढला. बोटीच्या मागच्या भोकातून पाण्याची धार लागली आणि बराच वेळ चालू राहिली. उतारावर आमच्यामागे दोन गाड्या थांबल्या होत्या. कोणी हॉर्न वाजवला नाही. एक माणूस उतरून आला, भोकाकडे बघून म्हणाला, "हे प्रत्येकाचं एकदा होतं," आणि परत गाडीत जाऊन बसला.

श्रीधरांनी बोटीतला लाल बिस्किटांचा डबा काढला. बूच त्यात असतं. बोट घेतल्यापासून ते त्याच डब्यात असतं. डब्यात फ्यूज होते, इन्सुलेशन टेपचा रोल होता, बूच नव्हतं. मग त्यांनी डाव्या हाताने टूलबॉक्स उघडला आणि एकेक वस्तू धक्क्यावर मांडली. पक्कड, स्क्रूड्रायव्हर, स्पार्क प्लग काढायचा पाना. पान्याच्या मुठीवर लालसर डाग होता. मला तो गंज वाटला.

"लावलं होतं," ते म्हणाले. जरा वेळाने म्हणाले, "लावलं होतं असं वाटलं."

ज्यांना हा प्रवास ठाऊक नाही त्यांच्यासाठी मागचं थोडं सांगते. आम्ही टोरोंटोजवळ मिसिसागाला राहतो. तिथून पूर्वेला पीटरबरोच्या दिशेने गेलं की तळ्यांचा प्रदेश सुरू होतो. तिथे आम्ही दर मे महिन्यात क्रॅपी धरायला जायचो. क्रॅपी हा गोड्या पाण्यातला मासा. आकाराने पापलेटसारखा चपटा, तळहाताएवढा, चंदेरी अंगावर शाई शिंपडल्यासारखे ठिपके. एरवी तो खोल पाण्यात असतो. मे महिन्यात पाणी जरा कोमट झालं की काठाच्या लव्हाळ्यात येतो, आणि तेव्हा माझ्यासारखीलाही मिळतो.

मागच्या खेपेला, दोन वर्षांपूर्वी, तळ्याच्या मध्यावर इंजिन बंद पडलं आणि दुसऱ्यांच्या बोटीने आम्हाला ओढत काठाला आणलं. ते इंजिन पुढचा अख्खा सीझन मेकॅनिककडे पडून होतं. परत आलं तेव्हा पानं पिवळी झाली होती. ऑक्टोबरमध्ये माझी आई नागपूरला आजारी पडली. मी गेले. दिवाळीच्या आत ती गेली. मी नोव्हेंबरमध्ये परतले, आणि त्याच महिन्यात श्रीधर स्वयंपाकघरात चहा गाळताना कोसळले. स्ट्रोक होता. उजवा हात, उजवा पाय. बोलणं लवकर परत आलं. पाय बराचसा आला. हात थोडा. गाडी चालवायला अजून परवानगी नाही. स्ट्रोकच्या आधीचे काही आठवडे मात्र आठवणीत परत आले नाहीत. डॉक्टर म्हणाल्या, येतील किंवा येणार नाहीत, सांगता येत नाही.

हिवाळ्यासाठी बोट बंद करण्याचं काम श्रीधरांनी त्याच आठवड्यांत केलं होतं. घरात ते एकटे होते. आमचा मुलगा अनिकेत टोरोंटोला कॉन्डोत राहतो. त्या ऑक्टोबरला दुसरा साक्षीदार नाही.

आम्ही उतरलो ती केबिन डोरीनची. डोरीन सत्तरीची आहे, नवरा वारल्यापासून काठावरच्या सहा केबिन एकटी चालवते. आमची बोट तिला पाहुण्यांना भाड्याने द्यायला हवी आहे, हे ती पूर्वीपासून सांगत आली आहे. या वेळी पुन्हा तिने विचारलं, पण चहा दिल्यावर.

"रविवारी," श्रीधर तिला इंग्रजीत म्हणाले. "रविवारी आम्ही निघताना घेऊन जा."

मी त्यांच्याकडे पाहिलं. केबिनमध्ये आल्यावर विचारलं, "हे कधी ठरलं?"

"मघाशी. उतारावर."

"एका बुचासाठी?"

"बुचाचं नाही गं." ते खुर्चीत बसले. बुटाची नाडी डाव्या हाताने सोडू लागले. "मी लावलंय म्हटलं. मला खात्री होती. खोटं बोललो असतो तर बरं होतं. तुला पाण्यात घेऊन जायचं, मध्यावर, आणि माझ्या खात्रीला काही अर्थ नाही. मग कशाला?"

"उद्या तरी जायचं की नाही?"

"उद्या जाऊ. तुझा हट्ट आहे म्हणून."

हट्ट माझा नव्हता. मार्चपासून गळ तेच साफ करत होते. मी तसं म्हटलं नाही. ओल्या चपात्या बाहेर टाकल्या आणि भात लावला.

शनिवार

डोरीनने आपल्या एका जुन्या बोटीचं रबरी बूच दिलं. त्याला खटका असतो. तो दाबला की रबर फुगतं आणि भोक बंद होतं. ते मी बसवलं. श्रीधरांनी वाकून ते हलवून पाहिलं, मला पुन्हा हलवायला सांगितलं, आणि मग तिसऱ्यांदा स्वतः हलवलं.

हवा थंड होती. पाण्यावर धुकं होतं, त्यामागे लव्हाळ्याची गेल्या वर्षीची पिवळी काडं. काठापासून दूरवर एका पुलावर माणसं रांगेने गळ टाकून उभी होती, बहुतेक शहरातून पहाटे निघून आलेली. कोणी बादली उलटी घालून बसलं होतं, कोणी मुलाला भाताचा डबा भरवत होतं. पूर्वी बोट नव्हती तेव्हा आम्हीही त्या पुलावर उभे राहायचो.

इंजिन दोरी ओढून सुरू करावं लागतं. ते काम माझ्याकडे आलं.

"चोक अर्धा," श्रीधर म्हणाले. "अर्धा म्हणजे अर्धा. आता ओढ. हळू नको, नळावर भांडतेस तशी ओढ."

"मी कधी नळावर भांडले?"

"नागपूरला भांडत असशील."

"आमच्या घरी विहीर होती."

इंजिन लागलं. आम्ही काठाकाठाने गेलो. एका खाडीसारख्या वळणावर पोचण्याआधीच ते दोनदा खोकलं आणि बंद झालं. पुन्हा ओढलं. लागलं नाही. पुन्हा ओढलं. माझा खांदा दुखू लागला. वारा आम्हाला लव्हाळ्याकडे ढकलत होता.

"वल्ही काढू?" मी विचारलं.

"थांब. ढकलतोय तर ढकलू दे. जायचं तिकडेच होतं."

बोट लव्हाळ्यात शिरली आणि थांबली. मी नांगर सोडला. थोड्या वेळाने काळ्या चिलटांचा थवा आला. इथे वसंताबरोबर ती येतात आणि कानामागे चावतात. आमच्याकडे टोप्या होत्या, तोंडावरच्या जाळ्या घरी राहिल्या होत्या. जाळ्या विसरले ते मी.

क्रॅपी धरण्याची पद्धत साधी आहे. दोरीला छोटा फ्लोट, त्याखाली हातभर अंतरावर बारीक गळ, गळाला बोटाएवढा जिवंत मासा. फ्लोट बुडाला की ओढायचं. पण क्रॅपीचं तोंड कागदासारखं पातळ असतं. झटका दिला की ओठ फाटतो आणि मासा जातो. माझे पहिले तिन्ही गेले.

"अगं, घाई कसली," श्रीधर म्हणाले. "कोणी पळवत नाही. हळू."

"तुम्हीच ओढून दाखवा."

त्यांचा गळ मीच पाण्यात टाकला होता. दांडी त्यांनी डाव्या हातात धरली होती. उजव्या हाताची मूठ रिळाच्या मुठीवर ठेवली होती, बोटं एकेक करून वळवून. फ्लोट बुडाला. त्यांनी दांडी उचलली, पण उशिरा आणि अगदी सावकाश. मला वाटलं गेला. उजवा हात रिळ फिरवू लागला. अर्धा फेरा, थांबा, अर्धा फेरा. दोरी ताणलेली राहिली. मासा बोटीच्या कडेला आला तेव्हा मी जाळं खाली धरलं. तो पूर्ण वाढलेला होता, ठिपके गर्द काळे.

"मुद्दाम केलं का हळू?" मी विचारलं.

"नाही. याहून जोरात येत नाही."

त्यानंतर त्यांना पाच मिळाले, मला दोन. या तळ्यात किती मासे घरी न्यायचे याला मर्यादा आहे. आम्ही तिच्या जवळही नव्हतो. दुपारी त्यांचा हात थरथरू लागला तेव्हा त्यांनी दांडी खाली ठेवली आणि परत जाऊ म्हणाले. इंजिन गार झालं होतं, दुसऱ्या ओढीला लागलं. का बंद पडलं होतं ते कळलं नाही. कार्ब्युरेटरमध्ये जुनं पेट्रोल असेल असा त्यांचा अंदाज. तो तपासलेला नाही.

काठावर मासे साफ करायला जाळीची एक खोली आहे. डोरीनने तिथे माझ्या हातून सुरी घेतली. इथली पद्धत अशी की माशाच्या दोन्ही बाजूंचं मांस सपाट काढायचं आणि डोकं, काटा, कल्ले सगळं बादलीत. श्रीधरांनी बादलीत हात घालून डोकी परत काढली.

"याचं काय करणार?" तिने विचारलं.

"सार," ते म्हणाले. मग इंग्रजी शब्द न सुचून मला म्हणाले, "सांग हिला."

मी सांगितलं. डोरीन म्हणाली, "माझी आजी करायची. आम्हाला लाज वाटायची."

श्रीधर चिपळूणचे. लग्न झालं तेव्हा गोड्या पाण्यातला मासा त्यांच्या लेखी मासा नव्हता. माझ्या माहेरी नदीचा आणि तळ्याचाच मासा यायचा, त्यावर त्यांनी पहिली काही वर्षं मला पुष्कळ ऐकवलं. संध्याकाळी मी तुकड्यांना हळद, तिखट, मीठ आणि आगळ लावलं. तांदळाच्या पिठात रवा मिसळून तव्यावर तळले. क्रॅपीचं मांस मऊ, गोडसर, लगेच सुटणारं. सारात घालायला तिरफळं मी डब्यातून नेली होती. डोरीन बशी घेऊन आली. एक तिरफळ तिने चावलं, जिभेला मुंग्या आल्यावर घाबरली, आणि पाणी पिऊन दुसरा तुकडा मागितला.

"चिपळूणच्या माणसाला चालतंय ना?" मी विचारलं.

"बांगडा नाही तो," श्रीधर म्हणाले. सार त्यांनी दोनदा घेतलं. चमचा डाव्या हातात होता.

डोरीनने जाताना विचारलं, रविवारी ट्रक किती वाजता आणू. त्यांनी जेवणाआधी आण म्हणून सांगितलं.

रविवार

सकाळी पाऊस होता, मग थांबला. मी केबिन आवरली. श्रीधर बाहेर ट्रेलरपाशी बोटीतलं सामान काढत होते. बोट द्यायची, पण हत्यारं द्यायची नाहीत, असं त्यांनी डोरीनला सांगितलं होतं. ती ट्रक घेऊन आली होती आणि तो ट्रेलरला जोडण्यासाठी मागे घेत होती. तिला ते एका दमात जमतं.

मी बाहेर आले तेव्हा ते ट्रेलरच्या चाकावर बसले होते. हातात पाना होता. अंगठ्याच्या नखाने त्याची मूठ खरवडत होते.

"बरं वाटत नाही का?"

"हे बघ," ते म्हणाले.

"गंज आहे."

"गंज असा निघत नाही." त्यांनी नख दाखवलं. लाल पूड होती. त्यांनी ती हुंगली. "कुंकू आहे."

श्रीधर पूर्वी पिंपरीच्या ज्या कारखान्यात होते तिथे खंडेनवमीला सगळी यंत्रं बंद करून, पुसून, त्यांची पूजा होत असे. झेंडूच्या माळा, हळद-कुंकू, पेढे. इथे आल्यावरही श्रीधरांनी ते सोडलं नाही. दरवर्षी नवमीला घरातली हत्यारं चौरंगावर येतात. स्क्रूड्रायव्हर, गाडीची किल्ली, एका वर्षी बर्फ काढायचं फावडं. मुलगा लहानपणी मित्रांना हे सांगायचा नाही. गेल्या नवमीला मी नागपूरला होते. घरात पूजा झाली की नाही हे मी विचारलं नव्हतं. त्या दिवसांत विचारण्यासारखं ते नव्हतं.

"प्लग काढले होते," श्रीधर म्हणाले. ते पान्याकडे बघत होते, माझ्याकडे नाही. "बोटीचे. इंजिन वर्षभर त्या माणसाकडे पडलेलं, म्हटलं या वर्षी याचंही करू. पाना, प्लग... झेंडू नव्हता. दुकानात मिळाला नाही. शेवंती होती कुंडीत, ती घेतली."

मी मध्ये बोलले असते तर माझं त्यांच्या आठवणीत मिसळलं असतं.

"बूच पण ठेवलं," ते म्हणाले. "वॉशर काढून. वॉशरला चीर गेली होती, बदलायचा होता. लहान वस्तू, हरवतील म्हणून एका डबीत... वातींच्या. वातींची डबी. देव्हाऱ्याखालच्या खणात." मग त्यांनी वर पाहिलं. "हे मला आठवतंय का मी जुळवतोय?"

"विचारू," मी म्हटलं.

अनिकेत रविवारी कपडे धुवायला आमच्या घरी येतो. फोन मी लावला आणि स्पीकरवर टाकला. मी त्याला फक्त खण उघडायला सांगितलं. काय शोधायचं ते सांगितलं नाही.

"विच खण? आई, आय ॲम इन द बेसमेंट."

"वर जा. देव्हाऱ्याखालचा."

पायऱ्या चढल्याचा आवाज आला. डोरीन ट्रकमधून उतरून आमच्याजवळ येऊन उभी राहिली. तिला भाषा कळत नव्हती. तिने इंजिन बंद केलं.

"ओके. उदबत्ती आहे. माचिस. कापूर, आय थिंक. खूप सुपाऱ्या. व्हॉट ॲम आय लुकिंग फॉर?"

"वाती," श्रीधर म्हणाले.

"कॉटन वाल्या? आहे एक डबी. प्लास्टिकची."

"उघड."

फोनवर डबीचं झाकण निघाल्याचा आवाज आला. मग अनिकेत म्हणाला, "बाबा, हे काय आहे? कसलं स्क्रू आहे. ब्रास. इट्स ऑल रेड."

"आणखी काय आहे?"

"एक रबर रिंग. तुटलेली."

श्रीधरांनी पाना टूलबॉक्समध्ये ठेवला आणि झाकण लावलं. उजव्या हाताने लावायला गेले, कडी बसली नाही, मग डाव्याने लावली.

"हॅलो? बाबा? फेकू का ते?"

"हात लावू नकोस," मी म्हटलं. "फोटो पाठव."

फोटो आला. मी तो आधी त्यांना दाखवला, मग डोरीनला. डोरीनने चष्मा लावला, बूच ओळखलं, आणि लाल काय आहे ते विचारलं. मी सांगितलं, वर्षातून एकदा आम्ही अवजारांची पूजा करतो, त्याचं ते आहे. ती फोटोकडे बघत राहिली. मग तिने श्रीधरांना विचारलं, "मग मी ट्रक रिकामाच हलवू का?"

"हलव," श्रीधर म्हणाले. "सॉरी, डोरीन."

"सॉरी कशाला?" ती म्हणाली. "इंजिन तुझं तसंही नीट नाही." ट्रक पुढे घेताना तिने खिडकीतून आठवण केली की तिचं रबरी बूच अजून आमच्या बोटीत आहे. मी ते काढून तिला दिलं.

परतीच्या वाटेवर पीटरबरोच्या पुढे जोराचा पाऊस लागला. मी उजव्या लेनमधून चालवलं. श्रीधर बराच वेळ झोपले होते. एकदा जागे झाले आणि म्हणाले, "वॉशर घ्यायला हवा."

बाकीचा ऑक्टोबर अजून आलेला नाही. नवमीच्या आदल्या दिवसाचं किंवा नंतरच्या दिवाळीचं त्यांना काही आठवत नाही. इंजिन पुन्हा मेकॅनिककडे आहे.

बोट ड्राइव्हवेत उभी आहे. पावसाचं पाणी निघून जावं म्हणून बूच काढूनच ठेवायचं असतं. ते देव्हाऱ्याखालच्या खणात आहे.